कोरडवाहू वेलीची वाइन

प्रश्न : मुलाने चिलीहून कारिन्यान द्राक्षाची लाल वाइन आणली. लेबलवर ‘सेकानो’ लिहिलंय. म्हणजे काय? – एक बागाईतदार, निफाड

उत्तर : सेकानो म्हणजे आपलं कोरडवाहू. १९३९च्या भूकंपानंतर चिलीच्या माउले भागात कारिन्यानची लागवड वाढली. ठिबक नाही, मांडव नाही, झुडपासारखी वेल. पाऊस जून ते ऑगस्टच्या, म्हणजे तिथल्या हिवाळ्यातला, त्या ओलीवर अख्खा उन्हाळा काढायचा. म्हणून मुळं खोल, घड थोडे, रस दाट. बाटलीवर ‘विग्नो’ हे तिथल्या कारिन्यान उत्पादकांच्या संघटनेचं नाव लावायचं तर वेल किमान ३० वर्षांची आणि कोरडवाहूच लागते. मी प्यायले तेव्हा आधी जाणवला आंबटपणा, डाळिंबाच्या दाण्यासारखा. मटणाच्या रश्श्याबरोबर घ्या, जराशी गार करून. आणि मुलाने त्या वेलीच्या खोडाचा फोटो काढला असेल तर नक्की बघा.