एलईडी दिव्यातून मोबाइलच्या प्रकाश-सेन्सरने माहिती घेता येते का?

म्हापशाच्या वाचनालयातील एलईडी दिव्यांतून मोबाइलवर पुस्तकांची यादी पाठवता येईल का, असे आपण विचारले आहे. दिव्यातून माहिती पाठवायची म्हणजे तो ठरावीक क्रमाने चालूबंद करायचा. प्रकाश-सेन्सरने ते टिपणे जमणार नाही. हा सेन्सर पडद्याची उजळी ठरवण्यासाठी असतो आणि सेकंदाला मोजकीच मोजमापे देतो. त्यामुळे डोळ्यांना न जाणवणारी, सेकंदाला शेकडो वेळा होणारी लुकलुक त्याला टिपता येत नाही, आणि ती त्याला झेपेल इतकी संथ केली, तर वाचकांचे डोळे शिणतील. मी पणजीत घरी सेकंदाला २ बिट (चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०) या गतीने दिवा चालूबंद केला, तेव्हा सेन्सरने दाखवलेला लक्सचा (प्रकाश मोजण्याच्या एककाचा) आकडा नीट वरखाली झाला. परंतु ८ बिटांच्या एका अक्षराला ४ सेकंद लागले. कॅमेरा वापरावा. बहुतेक मोबाइलचा कॅमेरा चित्र ओळीओळीने टिपतो, म्हणून जलद लुकलुक त्यात उजळ-काळ्या पट्ट्यांच्या रूपाने उतरते आणि त्या वाचता येतात. दिव्यातून केवळ कपाटाचा क्रमांक पाठवावा. यादी मोबाइलमध्येच आधी साठवलेली असावी.