चार वर्षांचं होस्टिंग एकदम घ्यावं का?

प्रश्न: मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहते. घरचा गोडा मसाला, मेतकूट आणि दिवाळीत फराळ विकते. आता पाककृती आणि ऑर्डरींसाठी वेबसाइट करायची आहे. एका कंपनीचं होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) चार वर्षांचं एकदम घेतलं तर महिना १४९ रुपये, एका वर्षाचं घेतलं तर २४९. नंतर नूतनीकरण ४४९ ने. भाचा म्हणतो, चार वर्षांचं घे, डोमेनही (साइटचं नाव) फुकट आहे, माझ्याच अकाउंटवरून करतो. घेऊ का?

ताई, आधी ते ‘महिना १४९’ डोक्यातून काढा. पैसे महिन्याला जाणार नाहीत, एकदम ७,१५२ जातील. वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८,४३९. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर हा कर खर्चातच धरायचा. एका वर्षाचे कर धरून ३,५२६ होतात, पण दुसऱ्या वर्षाचे ६,३५८. दोन्ही मिळून ९,८८४. म्हणजे साइट दुसऱ्या वर्षातही चालली तर भाच्याचं गणित बरोबर. पहिल्याच वर्षी थंडावली तर ४,९१३ रुपये जास्तीचे गेले. त्यात पाकिटांचं सीलिंग मशीन आणि छापील लेबलं बसली असती.

तुमच्या पत्रात पाककृती किती लिहून झाल्या ते नाही. फराळ तुम्ही करालच, लिहाल का, हे मला सांगता येत नाही. म्हणून माझं मत एका वर्षाच्या बाजूने. वर्ष संपताना ४४९ चा दर मुकाट्याने भरायची सक्ती नाही. दुसरी कंपनी नव्या गिऱ्हाइकाला स्वस्तात घेते, आणि वर्डप्रेसवर (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) केलेली साइट बऱ्याच कंपन्या फुकट हलवूनही देतात. फक्त ऑटो-रिन्यूअल (आपोआप होणारं नूतनीकरण) घेतल्या दिवशीच बंद करा आणि तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा.

हे जमायला डोमेन मात्र वेगळं हवं, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर, तुमच्या मोबाइलवर. ‘फुकट’ डोमेन बहुधा पहिल्या वर्षापुरतंच असतं. आणि भाच्याचं अकाउंट नकोच. माझी पहिली साइट ज्याने करून दिली त्याने डोमेन स्वतःच्या नावावर घेतलं होतं. नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या जुन्या, बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या. मला कळलं तोवर नाव दुसऱ्याने घेतलेलं होतं, आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा कपाटात तसाच. माणूस वाईट नव्हता हो, विसरला.

एसएसएलचे (साइट सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं आणि चांगल्या होस्टिंगमध्ये ते आपोआप बसतं. सर्व्हर (साइट ज्यावर राहते तो संगणक) मुंबईचा निवडता येतो का आणि बॅकअपवरून साइट परत उभी करायचे पैसे पडतात का, एवढं विचारा. ‘अनलिमिटेड’वर भाळू नका, खालच्या अटींत मर्यादा असतेच. तुमच्या साइटला साधं शेअर्ड होस्टिंग (एका सर्व्हरवर अनेकांच्या साइट) पुरेल.

एक न विचारलेलं सांगतो. साइट झाली की पुण्या-मुंबईहून मसाल्याच्या ऑर्डरी येतील. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकायचा तर उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नोंदणी लागते. ती होईपर्यंत ऑर्डरी मध्य प्रदेशापुरत्याच घ्या.

होस्टिंग श्रावणात घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी मुदतही तेव्हाच संपेल. चकलीचा घाणा चालू असताना साइट हलवत बसावं लागणार नाही.