आजोबांची तिथी कशी काढायची

प्रिय ईरा,

२ डिसेंबरला तू पुण्याला आजीला फोन केलास आणि ती म्हणाली, "आजोबांचं श्राद्ध तर गेल्या महिन्यातच झालं." तुला ते खटकलं. आजोबा गेले २ डिसेंबर २०२३ ला, मग यंदा, २०२५ मध्ये, श्राद्ध ९ नोव्हेंबरला कसं? शिवाय २०२४ मध्ये पुण्यात काकाने २० नोव्हेंबरला केलं आणि आपण न्यू जर्सीत १९ ला, त्यात चूक कोणाची? कोणाचीच नाही. आजोबा इंजिनिअर होते, तेव्हा आकड्यांनीच सांगतो.

आपण तारीख धरत नाही, तिथी धरतो. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी संपते; अशा ३० तिथ्यांचा महिना. चंद्राचा वेग सारखा नसतो, म्हणून एखादी तिथी वीस तासांत उरकते, एखादी सव्वीस तास रेंगाळते. असे बारा महिने ३५४ दिवसांतच भरतात, म्हणून तिथी दर वर्षी दहा-बारा दिवस अलीकडे येते. आजोबांची २०२३ ला २ डिसेंबरला होती, मग २० नोव्हेंबर, मग ९ नोव्हेंबर. ही घसरण अधिक महिना थांबवतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे तिथी पुन्हा नोव्हेंबरच्या शेवटी जाईल.

आजोबा गेले तेव्हा कार्तिक वद्य पंचमी चालू होती. माणूस ज्या क्षणी गेला त्या क्षणाची तिथी घ्यायची. कॅलेंडरच्या चौकोनात छापलेली असते ती सूर्योदयाची. लोक बहुतेक इथेच चुकतात. त्या दिवशी पंचमी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास संपली. तेच जर कोणी रात्री आठला गेलं असतं, तर चौकोनात पंचमी असूनही त्याची तिथी षष्ठी.

श्राद्ध कोणत्या दिवशी करायचं हे मात्र अपराह्णावर ठरतं. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच सारखे भाग करायचे. चौथा भाग म्हणजे अपराह्ण. त्या वेळात आपली तिथी असेल तो श्राद्धाचा दिवस. २०२४ मध्ये पंचमी भारतात १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी साडेपाचला लागली आणि २० ला संध्याकाळी पावणेपाचच्या सुमारास संपली. पुण्यातला अपराह्ण साधारण दीड ते पावणेचार, म्हणजे काकासाठी २० तारीख. (त्याच दिवशी विधानसभेचं मतदान होतं. तो आधी मतदान करून आला आणि मग सोवळं नेसला.) आपल्याकडे नोव्हेंबरात साडेदहा तास वजा करायचे. पंचमी १९ ला सकाळी सातला लागली आणि २० ला सकाळी सव्वासहाला संपली. इथला अपराह्ण पाऊण ते अडीच, म्हणून आपली १९. तुझ्याकडे मिशिगनला घड्याळ हेच, सूर्योदय थोडा उशिरा, एवढाच फरक. यंदा मात्र पंचमी दोन्हीकडे ९ लाच अपराह्णात होती.

उन्हाळ्याच्या घड्याळात साडेदहाऐवजी साडेनऊ वजा करायचे. पंचांग कोणतंही चालेल, फक्त त्यातल्या वेळा भारताच्या आहेत की तुमच्या गावाच्या, हे आधी बघ. काही ॲप आपणहून वेळ बदलून दाखवतात. त्यातून पुन्हा तास वजा केलेस की एक दिवस इकडचा तिकडे झालाच.

वर्षाच्या श्राद्धाखेरीज भाद्रपद वद्यात पितृपक्ष येतो, तिथेही त्यांची पंचमीच. ती हुकली तर सर्वपित्री अमावस्या.

आता तुझ्या खोलीत काय जमेल? तिलतर्पण सहज जमतं. ताम्हण किंवा साधं ताट, तांब्याभर पाणी, चमचाभर काळे तीळ. पांढरे नकोत. तोंड दक्षिणेला. तीळ घातलेलं पाणी उजव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून सोडायचं, बोटांच्या टोकांवरून नाही. टोकांवरून सोडतात ते देवांना. नाव आणि गोत्र म्हणून तीनदा सोड. मुलीने करावं की नाही यावर काकाचं मत वेगळं आहे, ते त्याच्यापाशी असू दे.

स्वयंपाकात कांदा, लसूण, वांगं, मसूर नाही. गवार, भेंडी, कारलं, लाल भोपळा यांपैकी जे मिळेल ते, शिवाय कढी, तांदळाची खीर, भरड्याचे वडे आणि आमसुलाची चटणी. खिरीला एक लिटर दुधाला पाव वाटी आंबेमोहोर, तुपावर परतून जाडसर भरडलेला. याहून जास्त तांदूळ घातलास तर तासाभरात खिरीचा भात होतो. साखर शेवटी घाल. आधी घातलीस तर तांदूळ लवकर शिजत नाही.

वड्यांना दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, अर्धी वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी तांदूळ आणि चमचाभर धने, रवाळ दळून. दोन मोठे चमचे कडकडीत तेलाचं मोहन, मीठ, हळद, तिखट. गरम पाण्याने घट्ट भिजव आणि तासभर झाकून ठेव. घाई केलीस तर भरडा फुगत नाही आणि वडा दाताला दगड लागतो. थापून मध्ये भोक पाड, नाहीतर कडा लाल होतात आणि मधलं कच्चं राहतं. चटणीला आठ-दहा आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजव आणि त्याच पाण्यात गूळ, जिरं, किंचित तिखट घालून वाट. तिकडच्या दुकानात बऱ्याचदा ओलं, खारवलेलं कोकम मिळतं, म्हणून मीठ चव बघून शेवटीच.

कावळ्याचा घास म्हणजे पानातल्या प्रत्येक पदार्थातला थोडा थोडा. आपण जेवण्याआधी तो बाहेर ठेवायचा. कावळ्याच्या रूपाने पितर येतात अशी समजूत आहे. खार आली तरी हाकलू नकोस. पण अंधार पडायच्या आत ताट उचल, नाहीतर रकून नावाचे रात्री फिरणारे प्राणी येतात आणि घरमालकाची चिठ्ठी येते.

या सगळ्यात आजोबांच्या वाट्याला नाव, गोत्र आणि तिथी येते, बस्स. त्यांनी आयुष्यभर काय केलं याला विधीत जागा नाही. ते पंगतीत सांगावं लागतं, आणि तिथे आपले लोक "फार प्रेमळ होते हो" म्हणून थांबतात. तू नेमकं सांग. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं, पण खालच्या, म्हणजे नदी पुढे वाहते त्या, बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या उंचीवर भेगा पडल्या. पुढे त्याच बाजूने काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट केलं. पाटबंधारे खात्यातल्या तरुण इंजिनिअरांमध्ये त्या कामावर आजोबा होते. निवृत्तीनंतरही पावसाळ्यात खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचा साठा ते रोज कॅलेंडरच्या चौकोनात टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत) लिहीत. चारही भरली की २९ च्या आसपास. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, हे नातवंडांना पाढ्यांबरोबर पाठ करायला लावलं होतं, आणि विसरलं तर रागावण्याऐवजी पुन्हा घनफुटांपासून गुणाकार मांडून देत.

ती कॅलेंडरं आजीने ठेवली आहेत. जून ते ऑक्टोबरच्या पानांचे फोटो काकाकडून मागव, तुझ्या चुलत भावंडांनाही हवे आहेत. २०२६ ची तारीख नवं पंचांग हातात आलं की दोन्हीकडच्या वेळांसह कळवतो.

बाबा