संडे स्कूलचा पहिला वर्ग घेण्याआधी

बायबलमधलं वचन पाठ म्हणताना मूल अडखळलं की "एवढंही पाठ नाही?" हे पटकन तोंडावर येतं. तिथेच थांब गं. मी एकदा थांबले नव्हते. ती मुलगी फ्रॉकचं टोक चुरगाळत खाली बसली आणि पुढे वर्षभर तिने हात वर केला नाही. मला ते अजून खुपतं.

बायबलमध्ये प्रेषित पौल कलस्सै शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, पत्रात सांगतो (कलस्सै 4:6), बोलणं कृपायुक्त असावं, मिठाने रुचकर केलेलं. मीठ म्हणजे साखर नव्हे बरं का! चूक दाखवायचीच, पण "पहिली ओळ छान म्हटलीस, पुढची माझ्याबरोबर म्हण" अशी. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या आईशीही असंच बोल. ती ड्यूटीवरून धावतपळत आलेली असते.