टॅग करताना शॉर्टस्टॉपचे पाय कुठे असावेत?

मॅडम, आपल्या सॉफ्टबॉल संघाबद्दलच्या प्रश्नात दोन तक्रारी आहेत. पहिल्या बेसवरून धावत येणाऱ्या रनरच्या आधी कॅचरचा (बॅटरमागच्या खेळाडूचा) थ्रो पोहोचूनही आपल्या शॉर्टस्टॉपचा (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षक मुलीचा) दुसऱ्या बेसवरचा टॅग, म्हणजे रनरला चेंडूसह ग्लोव्ह लावणे, उशिरा पडतो, आणि ती बेससमोर आडवी उभी राहिली की अंपायर ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे रनरची वाट अडवल्याची चूक, देतात. शालेय मुलींना सॉफ्टबॉल शिकवताना या दोन्ही चुका मी इतक्या वेळा पाहिल्या आहेत की त्यांचे मूळ एकच आहे, असे माझे ठाम मत झाले आहे. ते मूळ म्हणजे चेंडूला सामोरे जाण्याची सवय. जमिनीवरून येणारा चेंडू अडवण्यासाठी ती लागतेच, म्हणून आपणच ती मुलींच्या अंगी बाणवतो. टॅगच्या वेळी मात्र तीच सवय नडते.

थोडा हिशेब मांडून पाहा. होम प्लेटपासून (बॅटर उभी राहते तिथून) दुसरा बेस सुमारे 25.9 मीटरवर आहे आणि दोन बेसमधले अंतर 18.29 मीटर. थ्रोचा वेग शेवटी ताशी 80 किलोमीटर उरला आहे असे धरले, तरी चेंडू सेकंदाला 22 मीटर जातो, म्हणजे शेवटचा एक मीटर तो सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात कापतो. तोच चेंडू आपल्या मुलीने एक मीटर पुढे जाऊन झेलला, तर तो ग्लोव्हमध्ये घेऊन, वळून, वाकून पुन्हा बेसपर्यंत आणायला तिला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. सेकंदाला सहा मीटर वेगाने येणारी रनर तेवढ्यात बेसवर पाय ठेवून मोकळी होते. म्हणून थ्रो सरळ असेल तर चेंडू बेसपर्यंत येऊ द्यावा आणि ग्लोव्हने तिथेच त्याची वाट पाहावी. माझ्या एका शॉर्टस्टॉपला हे पटवायला मला अख्खा हंगाम लागला. एका निर्णायक सामन्यात तिने उत्तम थ्रो दोन पावले पुढे जाऊन झेलला आणि टॅग करायला ती वळली, तेव्हा रनर बेसवर उभी होती. त्या मुलीचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. चूक मात्र माझ्या शिकवण्याची होती.

आता पायांचे पाहू. उजव्या हाताने थ्रो करणाऱ्या मुलीने दुसऱ्या बेसवर पोहोचताच पहिल्या बेसकडे तोंड करून बेस दोन पायांच्या मध्ये घ्यावा. डावा पाय आउटफिल्डच्या (बेसमागच्या मोकळ्या मैदानाच्या) बाजूला, उजवा पाय पिचरच्या (चेंडू टाकणारीच्या) बाजूला, गुडघे वाकलेले, वजन चवड्यांवर, आणि कमरेपासून वरचे अंग कॅचरकडे वळवलेले असावे. या ठेवणीत रनरच्या वाटेवर एकही पाय येत नाही, बेसची तिच्याकडची कड तिला पूर्ण मोकळी दिसते, आणि ग्लोव्ह डाव्या हातात असल्यामुळे चेंडू आत शिरताच तो सरळ खाली त्या कडेपाशी जातो.

ऑब्स्ट्रक्शनचे उत्तरही यातच आहे. हातात चेंडू नसताना आणि बॅटरने मारलेला चेंडू अडवत नसताना क्षेत्ररक्षकाने रनरची वाट अडवली, तर ते ऑब्स्ट्रक्शन ठरते. धक्का लागायलाच हवा असे नाही, रनरला पाऊल आखडावे लागले तरी पुरते. थ्रो येतच होता, ही सबब चालत नाही. अंपायर डावा हात आडवा धरून खूण करतात, खेळ चालू राहतो, आणि म्हणूनच नंतर आपला टॅग बरोबर पडूनही रनर आऊट का नाही, हे मुलींना कळत नाही. चेंडू नसताना टॅगचा नुसता आव आणणे हेही ऑब्स्ट्रक्शनच आहे.

टॅग खाली, जमिनीलगत करावा. ग्लोव्हची पाठ रनरकडे असावी आणि स्लाइड करत (जमिनीवर घसरत) आलेला तिचा पाय किंवा हात आपणहून ग्लोव्हवर येऊन आपटू द्यावा; तिच्या खांद्याकडे किंवा पोटाकडे हात नेला की पाय खालून बेसला लागून जातो. आपल्याकडे मुरमाच्या कठीण मैदानांवर पुष्कळ मुली स्लाइड करायला कचरतात आणि उभ्यानेच बेसवर येतात. अशा वेळी धक्क्याने चेंडू निसटण्याचा धोका असतो, म्हणून उजव्या हाताने चेंडू ग्लोव्हमध्येच घट्ट दाबून धरावा, दोन्ही हातांनी टॅग करावा आणि धक्का बसताच हात किंचित मागे घ्यावेत. चेंडू उजव्या हातात आणि टॅग डाव्या हातातल्या रिकाम्या ग्लोव्हने, असे झाले तर रनर आऊट होत नाही. घाईत हे फार वेळा घडते. टॅग पडल्यावर ग्लोव्ह लगेच उचलू नये, कारण स्लाइडच्या जोरात रनर क्षणभर बेसवरून सुटू शकते.

थ्रो वाकडा आला तर हे सगळे सोडून बेसवरून हलावे आणि आधी चेंडू पकडावा. एक रनर सेफ झाली तर तेवढेच नुकसान होते. चेंडू मागे सेंटर फिल्डकडे गेला तर ती तिसऱ्या बेसवर जाते.

तिसरा बेस जास्त कठीण आहे, कारण तिथे रनर समोरून येते आणि थ्रो उजवीकडून. बंटसाठी (बॅटने चेंडू हलकेच जवळ टाकण्याच्या फटक्यासाठी) थर्ड बेसमन पुढे आलेली असेल तर हा बेसही शॉर्टस्टॉपलाच सांभाळावा लागतो, आणि तिला रनरच्या बरोबरीने धावत तिथे पोहोचायचे असते. तिने रनरच्या वाटेच्या आतल्या बाजूने धावावे. कोणता बेस कोण घेणार, हे पिच पडण्याआधी, म्हणजे पिचरने बॅटरकडे चेंडू टाकण्याआधी, खुणेने ठरलेले असावे.

सरावासाठी मी बेसच्या रनरकडच्या बाजूला फक्कीने अर्धा मीटर लांब आणि बेसइतका रुंद चौकोन आखतो. चेंडू ग्लोव्हमध्ये येईपर्यंत त्या चौकोनात पाय पडता कामा नये, आणि टॅगच्या वेळी ग्लोव्ह त्या चौकोनातच टेकला पाहिजे. आधी रनरशिवाय वीस थ्रो, मग निम्म्या वेगाने येणारी रनर, आणि शेवटी पूर्ण वेगाने. फक्की कुठे पुसली गेली आहे ते प्रत्येक फेरीनंतर मुलींनाच पाहायला सांगावे; माझ्या मुलींना आपले पाय कुठे पडतात ते त्या पुसलेल्या फक्कीवरूनच पहिल्यांदा कळले.