रेनॉ डस्टर डिझेलचा टायमिंग बेल्ट तुटलाय? आधी सेल्फ मारणं थांबव

अरे, चालत्या गाडीत इंजिन खाडकन बंद पडलं आणि आता सेल्फ मारला की नेहमीपेक्षा हलकं, सुसाट फिरतंय म्हणतोस, म्हणजे टायमिंग बेल्टच (क्रँक आणि कॅम एकत्र फिरवणारा पट्टा) गेलाय असं धरून चाल आणि किल्लीला हात लावू नकोस, धक्का स्टार्ट तर अजिबातच नको. हे १.५ डिझेल इंटरफेरन्स इंजिन आहे, म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) थांबला नि क्रँक (पिस्टनला जोडलेला दांडा) फिरत राहिला की पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्टचं वरचं कव्हर खोलून बघ, बेल्टचे दात सोललेत का, बेल्ट तेलकट आहे का (तेल दिसलं तर आधी गळणारं ऑइल सील बदल, नाहीतर नवीन बेल्टही जाणार). मेकॅनिक म्हणेल नुसता नवीन बेल्ट टाकून बघू, ऐकू नकोस, हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून व्हॉल्व्ह वाकलेत का ते चेक करायला लाव. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), वॉटर पंप पण नवीनच, पंप ह्याच बेल्टवर फिरतो. फिटिंग झाल्यावर पान्याने क्रँक दोन फेरे हळू फिरव, अडलं तर जोर लावू नको, क्रँक-कॅम जुळवायच्या खुणा (मार्किंग) परत बघ.