पापणी उतरली आहे की कातडी सैल झाली आहे?

प्रश्न : माझे वय ६१ आहे. दोन वर्षांपासून वरच्या पापण्या, विशेषतः उजवी, खाली उतरल्या आहेत आणि डोळ्यांच्या कडांना सुरकुत्याही पडल्या आहेत. वाचताना भुवया ताणून धराव्या लागतात, त्यामुळे कपाळ भरून येते. बोटॉक्सने दोन्ही तक्रारी जातील, असे ब्युटी पार्लरमध्ये सांगितले. मला हृदयविकारामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. काय करावे?

उत्तर : पार्लरमधील हा सल्ला कृपया मानू नका. बोटॉक्स स्नायू सैल करते. हसताना डोळ्यांच्या कडांना पडणाऱ्या सुरकुत्या त्याने तीन-चार महिने कमी दिसतात. पण उतरलेली पापणी त्याने सावरत नाही, उलट भुवयांजवळ टोचलेले औषध पापणी उचलणाऱ्या स्नायूपर्यंत पोहोचले, तर ती काही आठवडे आणखी खाली येऊ शकते.

आरशासमोर कपाळ सैल सोडून बसा आणि पापणीवर लोंबणारी कातडी बोटाने अलगद वर धरा. पापणीचे केस असलेली कड बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भागच झाकत असेल, तर दोष बहुधा सैल कातडीचा असतो आणि ती जादा कातडी काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ब्लेफरोप्लास्टी, उपयोगी पडते. कड बाहुलीपर्यंत आलेली असेल, तर पापणी उचलणाऱ्या स्नायूचा कंडरा (स्नायूला पापणीशी जोडणारा पट्टा) वयोमानाने ताणला गेलेला असण्याची शक्यता अधिक; तेथे नुसती कातडी काढून भागत नाही, कंडराच आवळावा लागतो. दोन्ही शस्त्रक्रिया सहसा स्थानिक भूल देऊन होतात. अर्थात नेमके निदान ऑक्युलोप्लास्टिक सर्जनच, म्हणजे पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारे नेत्रतज्ज्ञच, करतील. डोळे कोरडे पडत असतील तर तेही त्यांना सांगा, कारण शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणा वाढू शकतो.

पापणी सकाळी ठीक असून संध्याकाळी अधिक उतरत असेल किंवा एका वस्तूच्या दोन दिसत असतील, तर मायस्थेनिया ग्रेव्हिस या स्नायू लवकर थकवणाऱ्या आजाराची तपासणी आधी व्हायला हवी. पापणी अचानक पडली, सोबत तीव्र डोकेदुखी असली किंवा एक बाहुली मोठी दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यामागे रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा धोका क्वचित असतो, तर गोळी थांबवल्याने हृदयाला धोका. म्हणून हा निर्णय सर्जन आणि हृदयरोगतज्ज्ञ यांनी मिळूनच घ्यायचा असतो.

सुरकुत्यांसाठी रोज किमान एसपीएफ ३०चे सनस्क्रीन आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने रात्री रेटिनॉइड (‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातील औषधाचे) क्रीम, एवढ्यावर सध्या थांबा. निव्वळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा देत नाही; मात्र पापणीमुळे दृष्टिक्षेत्र झाकले जात असल्यास ‘फील्ड टेस्ट’ (दृष्टिक्षेत्राची तपासणी) करून घ्या आणि तो अहवाल जोडून विमा कंपनीला शस्त्रक्रियेपूर्वीच विचारा.